दोन लाइनी, आठ एक्स्टेन्शन आणि रावपुऱ्यातले टेलिफोनवाले भाई

आमची पंप-व्हॉल्व्हच्या सुट्या भागांची एजन्सी बडोद्यात, दांडिया बाजारात, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. भिंती हातभर जाड, त्यामुळे मोबाइल उंबऱ्याच्या आत आला की मुका होतो. म्हणून आजही आमचा धंदा लँडलाइनवर चालतो. दोन नंबर, आठ एक्स्टेन्शन म्हणजे टेबलांवरचे आतले फोन, आणि मध्ये त्यांना बाहेरच्या लाइनींशी जोडणारी इंटरकॉमची पेटी. जुनी पेटी गेल्या पावसाळ्यात ओल धरून गेली. नवी साडेअकरा हजारांना घेतली. तिच्याबद्दल फारसं लिहीत नाही, कारण या आकाराच्या पेट्या साधारण सारखंच काम करतात. लिहायचंय ते बसवणाऱ्याबद्दल.

पेटीबरोबर 'फिटिंग फ्री' होतं. दुकानातून एक मुलगा आला, तासाभरात आठही ठिकाणी डायल टोन आणला, पेटीचा फोटो काढला आणि गेला. संध्याकाळपर्यंत तीन गोष्टी बंद. फॅक्स अर्ध्या पानावर तुटायचा. काउंटरवरचं कार्ड स्वाइपचं मशीन 'लाइन नाही' म्हणायचं. आणि नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एकही मोबाइल लागेना. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "टोन येतोय ना मॅडम? मग पेटी बरोबर आहे."

(फॅक्स? आज? हो. ओसाकाचा आमचा एक ग्राहक दर महिन्याची ऑर्डर शिक्का मारून फॅक्सनेच पाठवतो आणि पोच फॅक्सनेच मागतो. त्याला ईमेल शिकवायला मी जाणार नाही.)

शेजारच्या वकिलांनी रावपुऱ्यातल्या भाईंचं नाव सुचवलं. मंगळवारी येतो म्हणाले, गुरुवारी आले. रागच आला होता, पण आल्या आल्या त्यांनी पेटीला हात लावला नाही. वही काढून बसले. "बेन, पहेलां ए कहो, कया टेबल पर शुं लागशे?" कुठे साधा फोन, कुठे मशीन, कुठून परदेशी फोन जातो, वीज गेली तर कुठला फोन वाजायलाच हवा. पहिल्या मुलाने यातलं काहीच विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

आमच्या दोन नंबरांपैकी एक फायबरवर गेलाय, एक अजून तांब्याच्या वायरीवर आहे. मुलाने फायबरची लाइन पेटीच्या पहिल्या खणात घातली होती आणि फॅक्स जी लाइन मोकळी असेल ती उचलायचा. भाईंनी उलटं केलं. फायबरवर आवाजाचे तुकडे होऊन जातात, कधी दाबूनही जातात. माणसाच्या कानाला ते चालतं, फॅक्सच्या कर्कश सुरांना नाही. म्हणून फॅक्सला फक्त तांब्याची लाइन बांधून दिली. त्या एक्स्टेन्शनचं कॉल वेटिंग बंद केलं, मध्येच घुसून बोलायची सोयही बंद केली. आपण बोलत असताना मध्ये 'टुक' वाजलं तर आपण दुर्लक्ष करतो, फॅक्सला तो टुक म्हणजे पानावरचा ओरखडा. मशीनचा वेग सेकंदाला १४४०० बिट्सवरून ९६०० वर आणला. आता एका पानाला थोडा जास्त वेळ लागतो, पण पान पूर्ण जातं.

स्वाइप मशीनचं दुखणं त्याहून साधं निघालं. ते मशीन लँडलाइनवरून बँकेला फोन लावतं. आधी थेट लाइनवर होतं, आता पेटीच्या मागे. म्हणजे बाहेर पडायला आधी शून्य हवं, मग क्षणभर थांबायला हवं आणि मग नंबर. मशीनच्या सेटिंगमध्ये त्यासाठी वेगळी जागा असते. पासवर्ड बँकेकडे, म्हणून हेल्पलाइनवर पाऊण तास गेला. भाई तेवढा वेळ शांतपणे शेंगदाणे खात बसले होते.

नानांचा किस्सा सांगायलाच हवा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबराआधी शून्य लावावं लागतं. जुन्या पेटीत बाहेरच्या लाइनसाठी नऊ होता, म्हणून घोळ नव्हता. नव्या पेटीत बाहेरच्या लाइनसाठीही शून्यच. नाना एक शून्य फिरवायचे, ते पेटी खायची, आणि पलीकडून बाई सांगायची, कृपया आधी शून्य लावा. नाना तिच्यावर ओरडायचे, "लावलं की!" भाईंनी पेटी बदलायच्या भानगडीत न पडता प्रत्येक फोनवर पट्टी चिकटवली: 'बाहेर ०, मोबाइल ००'. नानांच्या फोनवर ती मराठीत, मोठ्या अक्षरात. तो फोन अजून चकतीचा आहे, बरं का. पेटी चकतीचे ठोके समजून घेते आणि पुढे टोनमध्ये पाठवते, त्यामुळे फेकावा लागला नाही.

तांब्याची लाइन पहिल्या खणात घालण्याचं दुसरं कारण नंतर कळलं. या पेटीत वीज गेली की पहिल्या खणातली लाइन एका ठरलेल्या एक्स्टेन्शनला थेट जोडली जाते. ते नानांचं टेबल. तांब्याच्या वायरीला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट येतात, म्हणून घरात अंधार असला तरी फोन जिवंत. फायबरचं मोडेम मात्र वीज गेली की मेलंच, त्याला छोटा यूपीएस लावून घ्यावा लागला. (घंटा वाजत असताना उघडी वायर धरू नये. मी धरली. ४८ व्होल्ट म्हणून निर्धास्त होते, पण घंटेचा दाब त्याहून बराच जास्त असतो.)

आठवड्याने नवीनच त्रास. ग्राहकाने मध्येच फोन ठेवला की फायबरची लाइन सुटायचीच नाही, पेटी एकटीच स्वागताचा संदेश घोळवत बसायची आणि आमचा नंबर तासन् तास बिझी. भाई न बोलावता परत आले, म्हणजे मी फक्त व्हॉट्सअॅपवर कुरकुर केली होती. रिसीव्हर कानाला लावून घड्याळ बघत बसले. फोन ठेवल्यावर लाइनवर जो टूं-टूं येतो तो किती वेळ वाजतो आणि किती वेळ थांबतो हे पेटीला आधी सांगून ठेवावं लागतं. आपल्याकडचा नेहमीचा बिझी टोन पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. मोडेमचा ठेका वेगळा होता. तो पेटीत भरला आणि लाइन सुटायला लागली. या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

परदेशी फोन फक्त फॅक्सच्या एक्स्टेन्शनवरून लागतो, बाकी सगळीकडून बंद. पेटी कारखान्यातून येताना असलेला १२३४ पासवर्ड बदलला, बाहेरून पेटीत शिरायची सोय बंद केली. ती उघडी राहिली तर कुणीतरी परका आपल्या बिलावर जगभर बोलतो. हजेरीचं अंगठ्याचं मशीन नेटवर्कच्या वायरीवर होतं, राउटर बंद-चालू झाला की हरवायचं. त्याला नेटवर्कमधला कायमचा पत्ता (आयपी) दिला, दहा मिनिटांचं काम.

आता तक्रारी. वायरीची पट्टी लाकडी तुळईवरून वाकडी गेलीय, माझ्या खुर्चीतून नेमकी तीच दिसते. स्वागताचा संदेश त्यांनी स्वतःच्या आवाजात गुजराती-हिंदीत भरला, मराठी विसरले, शिवाय मागे रिक्षाचा हॉर्न. तो मी पुन्हा भरला. आणि उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, गच्चीवरची तांब्याची वायर पतंगाच्या पोरांनी दरवर्षीप्रमाणे ओढून तोडली तेव्हा "ए मारुं काम नथी" म्हणाले. ते खरंच त्यांचं काम नाही, पण फॅक्स चार दिवस बंद होता.

मजुरी २८०० रुपये, वायर वेगळी. पेटीच्या झाकणाच्या आत त्यांनी वहीचं पान चिकटवलंय: वायरींची कुठली जोडी कुठल्या टेबलाला, कुठे काय बंद ठेवलंय, सगळं. उद्या ते आले नाहीत तरी दुसऱ्या कुणाला अंधारात चाचपडावं लागणार नाही. तांब्याचा नंबरही फायबरवर जाईल तेव्हा मोडेम घेण्याआधी फोन करा, त्यात फॅक्सची सोय आहे का ते बघून सांगतो, म्हणालेत.

दुपारी एक ते चार भाईंचं दुकान बंद. चारनंतर मोबाइलवरच फोन करा, त्यांच्या दुकानात लँडलाइन नाही.