वीतभर नळी आणि माझी धाप: पीक फ्लो मीटर वापरून बघितल्यावर

बॅटरी नाही, ॲप नाही. एका टोकाने जोरात फुंकायचं, काटा सरकतो, श्वास किती वेगाने बाहेर पडला तो आकडा वाचायचा. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी घ्यायला लावलं तेव्हा मला ते खेळणंच वाटलं होतं.

मला लहानपणापासून दमा. दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी पंप गुपचूप बंद केला. आईच्या दम्याचा बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो असं कुठेतरी वाचलं आणि डोक्यात दमा व औषध यांची गल्लत झाली. डॉक्टर रागावल्या. काही अभ्यासांत आईचा दमा आणि मुलातली स्वमग्नता यांचा संबंध दिसलाय, पण एकामुळे दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. मोठा अटॅक आला तर मात्र बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो. म्हणजे भ्यायचंच तर पंप चुकण्याला. पंपातलं औषध, बुडेसोनाइड, पुन्हा सुरू झालं.

आता नळीचं. गरोदरपणी धाप दमा नसलेल्या बायकांनाही लागते. मग आपली धाप कुठली? पोट वाढलं तरी या यंत्रावरचा आकडा फारसा बदलत नाही, म्हणून तो घसरला की दम्याकडे बघायचं. माझा सर्वांत चांगला आकडा 400. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 320 आणि त्याच्या वर हिरवा पट्टा. 200 च्या खाली लाल. सातव्या महिन्यात जिना चढून जीव नुसता कासावीस झाला, फुंकलं तर 390! गप बसून राहिले. पुढे सर्दी झाली, छातीत घरघर नाही, काही नाही, आणि सकाळी 290. लगेच फोन केला, औषध वाढवलं, दोन दिवसांत आकडा वर आला. हे मला नुसत्या अंदाजाने कळलंच नसतं.

तक्रारी आहेत. पट्ट्यांच्या रंगीत खुणा सरकतात. मी शेवटी नेलपॉलिशने रेघा मारल्या. काटा दरवेळी आपणच खाली आणायचा, विसरलात तर कालचाच आकडा वाचाल. उभं राहून तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा लिहायचा. नवव्या महिन्यात तिसऱ्या फुंकेला काय होतं ते बायकांना सांगायला नको. आधी बाथरूमला जाऊन या.

पाचपैकी चार. एक कापला तो सोबतच्या पत्रकासाठी: त्यात गरोदर बाईसाठी एक ओळ नाही.