क्राइम कॉमिक्स रोखायचे दोन रस्ते: कायदा की शिक्का?

१९५० च्या आसपास अमेरिकेत मुलांच्या हाती क्राइम कॉमिक्स पडू नयेत म्हणून दोन रस्ते निघाले. एक लोकल कायदा, म्हणजे लॉस एंजेलिस काउंटीसारखा, १८ च्या खालच्या पोराला विकलं की दुकानदार गुन्हेगार. पण खुनाचं चित्र पुस्तकात असलं तर बंदी आणि पेपरातल्या कॉमिक पट्टीत आलं तर चालतंय, हे काही पटत नाही बुवा. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने तो काउंटीचा कायदा रद्द केला.

दुसरा रस्ता १९५४ चा कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक्समध्ये काय चालेल, काय नाही याची नियमावली, प्रकाशकांनी स्वतःच काढलेली, सरकार कुठेच नाही. मुखपृष्ठावर कोड पाळल्याचा शिक्का नसेल तर बरेच वितरक अंक घेईनात, मग विकणार कुठे? टायटलमध्ये ‘हॉरर’ शब्द नको, पोलीस-जज यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको, आणि हे सगळं मोठ्यांसाठीच्या कॉमिक्सलाही लागू, कारण वयाचा प्रश्नच नव्हता.

मला तरी कायदाच बरा वाटतो, चुकीचा असला तरी कोर्टात जाऊन पाडता आला. कोडविरुद्ध जाणार कुठे? तो २०११ पर्यंत टिकला.