जुनी एंटरप्राइझ शिडाची बोट, ट्रेलरसकट : एका मोसमाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. धरणावर दोघांनी चालवायला शिडाची बोट हवी असेल आणि खिसा बेताचा असेल, तर जुनी एंटरप्राइझ डोळे झाकून नाही, पण डोळे उघडे ठेवून जरूर घ्या. सौदा करताना मात्र बोटीपेक्षा ट्रेलरखाली जास्त वेळ वाका.

जॅक होल्ट यांचं हे १९५०च्या दशकातलं डिझाइन. लांबी जेमतेम ४ मीटर, नुसतं धड ९० किलोच्या आसपास, मेनसेल (मोठं मुख्य शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) मिळून साधारण १०.५ चौरस मीटर कापड. चार जण उचलून किनाऱ्यावर ठेवू शकतात, हा तिचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण. केबिनवाली मोठी बोटही स्वस्तात मिळत होती, पण ती नाशकात आणून करायचं काय? पोसायची कुठे?

मुंबईचे एक काका बोट विकत होते. फायबरचं धड मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे ठोकत गेलो. चांगल्या जागी ‘टण्’ वाजतं, आतून पाणी मुरलं असेल तर ‘थप’. मास्टच्या, म्हणजे शिडाच्या खांबाच्या, पायाजवळ आणि सेंटरबोर्डच्या (बोटीच्या तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या कडेला नीट ऐकायचं, जुन्या बोटी तिथूनच गळतात. बोट तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या टाक्यांच्या झाकणांना साबणाचं पाणी लावून आत हलकी हवा भरली. एका झाकणाभोवती बारीक फुगे आले. रबरी रिंग बदलली, काम झालं. मास्ट ॲल्युमिनियमचा, त्यात स्टीलचे रिव्हेट, वर खारं पाणी. म्हणजे पांढरी भुकटी दिसणारच. नखाने खरवडून खाली खड्डा नाही एवढं बघितलं. काका म्हणाले, “अहो, मुलगी बघायला आलात की बोट?”

ट्रेलरची मात्र दैना होती. टायरची नक्षी कोरी करकरीत, पण बाजूच्या भिंतींना भेगा. असे ट्रेलर वर्षभर उभे असतात, टायर झिजून नाही, म्हातारपणाने मरतात. हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, उघडला तर ग्रीसच्या जागी तांबूस चिखल. समुद्रात बोट उतरवताना चाकं बुडतात. रस्त्यावर तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दोन्ही बाजूंची बेअरिंगं, सील, टायर बदलूनच निघालो. बोटीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा खर्च तिथेच झाला, आणि तो भावातून कमी करून घेतला. ट्रेलरलाही आरटीओची वेगळी नोंदणी लागते, तो कागद बोटीच्या पावतीइतकाच महत्त्वाचा.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. मास्ट बोटीबाहेर येतो म्हणून टोकाला लाल फडकं. शहापूरला चहा, तिथे हबला हात लावून बघितला. कोमट, म्हणजे ठीक. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, पण मुंबईहून येताना कसारा घाट चढायचा असतो, उतरायचा नाही. जीप थोडी तापली. इगतपुरीत पोरांनी विचारलं, “नाशकात समुद्र आला का?”

वापरतो गंगापूर धरणावर. हे शहराचं पिण्याचं पाणी आहे, त्यामुळे आधी लेखी परवानगी, मगच बोट. इंजिन लावलेलं नाही, लावणारही नाही; वारा पडला तर वल्ही आहेत.

वारा मात्र समुद्रासारखा नाही. तिथे तासन्‌तास एकाच बाजूने येतो. इथे डोंगरांमधून झुळुका फिरत येतात. आत्ता पश्चिमेकडून, लगेच बाजूने. मेनसेलची दोरी क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून गप्पा मारत बसलात की आडवे झालात. दोरी हातातच हवी. जिब माझा मेहुणा सांभाळतो. त्याच्या वजनाचा घरात पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला. आडवी झालेली बोट सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ होते, पण या जुन्या बोटी पोटभर पाणी घेऊन उठतात. बादली दोरीने बांधलेली ठेवा, आणि लाइफ जॅकेट अंगातच.

धो धो पावसात, विसर्ग चालू असताना आम्ही जात नाही. पाऊस सरल्यावर फुगवटा भरलेला असतो, दुपारचा वारा बेताचा असतो. खरी मजा तेव्हा. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं आणि उतरवायच्या जागी चिखल, दगड उघडे पडतात. ट्रेलर तिथे रुततो. सेंटरबोर्ड दगडाला लागला तर वर फिरतो, एवढा दिलासा. आणि हो, पोहोचल्या पोहोचल्या ट्रेलर पाण्यात ढकलायचा नाही. शीड चढवेपर्यंत हब गार होऊ द्यायचे.

देखभाल गोड्या पाण्यात फारच कमी. मास्टला ताणून धरणाऱ्या एका तारेचे पदर सुटायला लागले होते, ती बदलली. एका मित्राने द्राक्षाच्या मांडवाची तार सुचवली, फुकटात. ती जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, इथे बारीक पदरांची स्टेनलेसच लागते. शिडाची शिवण जुन्या नाशकातल्या ताडपत्रीवाल्याकडून करून घेतली, टाके झकास.

तक्रार एकच, मेनसेलच्या कापडाची. ते पोटात सैल पडलंय, वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना बोट हवी तेवढी वाऱ्याच्या दिशेला वळून चालत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी नवं घ्यायचं आहे. जिब अजून एखादं वर्ष काढेल.