ॲबिरॅटेरोन की एन्झालुटामाइड: बाबांसाठी गोळी निवडताना

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला आहे, हार्मोन दाबणारे, दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन सुरू झाले आहे किंवा वृषणे काढण्याचे ऑपरेशन झाले आहे, आणि डॉक्टर सांगतात, ‘आता सोबत एक गोळी जोडू. ॲबिरॅटेरोन किंवा एन्झालुटामाइड, दोन्ही चालतील.’ या टप्प्यावर अडलेल्या घरांसाठी हे लिहीत आहे. पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा आकडा) आणि ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा गुण) एव्हाना तुम्हाला पाठ झाले असतील, म्हणून तिकडे वळत नाही. आमच्या घरातही हीच निवड करावी लागली आणि कौल ॲबिरॅटेरोनला गेला. तुमच्याकडे तो उलटा जाऊ शकतो, आणि त्याची कारणेही खाली येतील.

आयुष्य वाढवण्याच्या बाबतीत दोघांत डावे-उजवे करणे कठीण आहे. 2017 मध्ये लॅटिट्यूड चाचणीत ॲबिरॅटेरोन घेणाऱ्यांपैकी 66 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते; नुसत्या हार्मोन उपचारावर 49 टक्के. त्याच वर्षीच्या स्टॅम्पीड चाचणीत हे प्रमाण 83 विरुद्ध 76 होते. 2019 च्या एन्झामेट चाचणीत एन्झालुटामाइडवर 80, दुसऱ्या गटात 72. मात्र हे आकडे शेजारी शेजारी मांडून कोणती गोळी सरस ते ठरवू नका. लॅटिट्यूडमध्ये फक्त जास्त जोखमीचे रुग्ण घेतले होते, स्टॅम्पीडमध्ये आजार दूर न पसरलेलेही होते, आणि एन्झामेटच्या दुसऱ्या गटाला जुन्या पिढीची हार्मोनविरोधी गोळी मिळत होती. निवड करायची ती रोजच्या जगण्यावरून.

ॲबिरॅटेरोनची कटकट पहिल्या दिवसापासून दिसते. 250 मिलीग्रॅमच्या चार गोळ्या, म्हणजे 1000 मिलीग्रॅम, रिकाम्या पोटी घ्यायच्या. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही. हा नियम पोट बिघडू नये म्हणून नाही. तेलकट जेवणासोबत घेतल्यास रक्तात उतरणारे औषध दहापटींपर्यंत वाढू शकते. आपल्याकडे गोव्यात पहाटेची वेळ सगळ्यात सोयीची: पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजण्याआधी गोळ्या पाण्यासोबत पोटात गेल्या पाहिजेत, चहा-पाव किंवा पेज त्यानंतर तासाभराने. सोबतच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची 5 मिलीग्रॅमची गोळी मात्र खाल्ल्यावरच द्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिनही न्याहारीशीच बांधलेले ठेवा. पहाटेच्या गोळ्यांसोबत ते दिले आणि न्याहारी लांबली तर साखर खाली येते. एखादा दिवस चुकला तर तो सोडून द्यायचा, दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचे नाही.

काही डॉक्टर 250 मिलीग्रॅमची एकच गोळी कमी तेलाच्या न्याहारीसोबत देतात. त्याला 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 72 रुग्णांच्या एका छोट्या चाचणीचा आधार आहे. तीत पीएसए साधारण सारखाच उतरला, पण आयुष्य किती वाढते हे मोजण्याइतकी ती मोठी नव्हती. खर्च झेपत नसेल तर हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा. परस्पर मात्र काही बदलू नका, आणि चार गोळ्या जेवणासोबत तर कधीच देऊ नका.

दुसरी कटकट तपासण्यांची. पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी, पुढे महिन्याला एकदा. पोटॅशियम आणि रक्तदाब दर महिन्याला. हे औषध हार्मोनची एक वाट बंद करते, तेव्हा शरीरातले मीठ-पाणी धरून ठेवणारे हार्मोन वाढतात. त्यामुळे दाब चढतो, पाय सुजतात, पोटॅशियम उतरते. प्रेडनिसोलोन हेच आवरण्यासाठी असते, म्हणून ‘स्टेरॉइड नको’ म्हणत ते एकदम बंद करणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात पुरुमेंताची, म्हणजे आधीच साठवून ठेवलेली, सुकी मासळी आणि खारातली लोणची बाहेर निघतात तेव्हा दाबाच्या वहीवर जास्त लक्ष ठेवा.

पोटॅशियमचे रक्त शक्यतो जिथे तपासले जाते तिथेच जाऊन द्या. सत्तरी-काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यांतल्या गावात घेतलेली नळी दुपारपर्यंत पडून राहिली किंवा रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटाच वर जातो, आणि खरे पोटॅशियम कमी असूनही अहवाल ठीक दिसतो. आकडा 3.5 च्या खाली गेला तर शहाळ्यावर भागवू नका, डॉक्टरांना कळवा. सूज उतरवायला कोणी स्पायरोनोलॅक्टोन लिहून दिले तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ते कॅन्सरच्या पेशींवरच्या त्याच हार्मोन-कुलपाला चावी लावू शकते. यकृताचे एन्झाइम सामान्य मर्यादेच्या पाचपटींवर गेले तर गोळी थांबवतात आणि उतरल्यावर सहसा 750 मिलीग्रॅमवर पुन्हा सुरू करतात.

इतके वाचल्यावर एन्झालुटामाइड सोपे वाटेल, आणि घ्यायला ते सोपे आहेच. 160 मिलीग्रॅम दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर कसेही. स्टेरॉइड नाही, दर पंधरवड्याला रक्त देणे नाही. 40 मिलीग्रॅमच्या चार कॅप्सूल जरा मोठ्या असतात, त्या चावायच्या किंवा फोडायच्या नाहीत, एवढेच.

माझे मन तिच्यावरून उतरले ते थकव्यामुळे. आणि थकव्यापेक्षाही, तो कशाने आला आहे हे कळत नाही यामुळे. हे औषध मेंदूपर्यंत पोचते. माणूस झोपून उठतो तरी ताजा वाटत नाही, वर्तमानपत्र हातात धरून बसतो, भजनाला जायचे टाळतो, बोलताना शब्द शोधतो. सगळ्यांना असे होत नाही, पण जे पाहण्यात आले त्यावरून सत्तरीपुढच्या माणसांत हे जास्त जाणवते. तोल जाऊन पडण्याचे प्रमाणही वाढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. इंजेक्शनमुळे आधीच हाडे विरळ झालेली असतात, त्यावर हे पडणे.

पण मूळ अडचण पुढे आहे. थकवा इंजेक्शननेही येतो, रक्त कमी झाल्यानेही, आजारानेही, मन खचल्यानेही. गोळीचा दोष आहे का हे पाहायचा साधा उपाय म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने ती काही दिवस थांबवणे. एन्झालुटामाइडचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला 5.8 दिवस लागतात. म्हणजे आठवडाभर थांबवली तरी जवळजवळ निम्मे औषध अंगात आहेच, आणि पूर्ण उतरायला साधारण महिना जातो. तो महिना घरातले सगळे माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत अंदाज बांधतात. ॲबिरॅटेरोन दोन-तीन दिवसांत निघून जाते. शिवाय तिचे बहुतेक दोष आकड्यात दिसतात: दाब, पोटॅशियम, यकृत. आकडा दिसला की त्यावर काही करता येते. एन्झालुटामाइडचा दोष माणसाच्या वागण्यात दिसतो, आणि त्याची तपासणी कोणत्याच लॅबमध्ये होत नाही. थकवा वाढल्यास डोस 120 किंवा 80 वर आणता येतो, हे खरे. पण तो निर्णयही अंदाजानेच होतो.

इतर औषधांशी होणाऱ्या भांडणाचेही तसेच. एन्झालुटामाइड यकृताचे काम वाढवते, त्यामुळे ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि दाबाच्या काही गोळ्या कमी पडू लागतात. वॉर्फरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वारंवार पाहावा लागतो. आणि एन्झालुटामाइड बंद केल्यावरही हा परिणाम काही आठवडे रेंगाळतो, म्हणजे सगळे डोस पुन्हा जुळवणे आले. ॲबिरॅटेरोनही अगदी सरळ नाही: दाबाच्या मेटोप्रोलोलचा जोर वाढतो, आणि मधुमेहाची पायोग्लिटाझोन किंवा रेपाग्लिनाइड चालू असेल तर साखर धोकादायक खाली येऊ शकते.

क्रमाचाही एक मुद्दा आहे. कॅनडात 202 रुग्णांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक गोळी चालेनाशी झाल्यावर दुसरी दिली. ॲबिरॅटेरोननंतर एन्झालुटामाइड घेणाऱ्या 36 टक्के रुग्णांचा पीएसए लक्षणीय उतरला. उलट क्रमात फक्त 4 टक्क्यांचा. त्याच रुग्णांपैकी 75 वर्षांपुढच्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांतही ॲबिरॅटेरोनवर जगणे बरे असल्याचे दिसले. ते रुग्ण इंजेक्शनला न जुमानणाऱ्या पुढच्या टप्प्यातले होते, म्हणून हे तुमच्या बाबांना जसेच्या तसे लावू नये. तरी माझ्यापुरते पारडे थोडे आणखी झुकले.

आता उलट बाजू. हृदय कमजोर असेल, दाब तीन गोळ्यांनीही आवरत नसेल किंवा यकृताचा आजार असेल, तर एन्झालुटामाइडच बरी. मधुमेह हाताबाहेर असेल तरीही स्टेरॉइड टाळणे शहाणपणाचे. 2023 च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात सर्वांत जास्त, 26.4 टक्के मधुमेह गोव्यात आढळला होता, त्यामुळे हा प्रश्न इथे बहुतेक घरांत निघतोच. घरी सोबत कोणी नाही आणि उपाशीपोटीचा नियम पाळला जाणार नाही, असे असेल तरी तीच. पूर्वी फिट आलेली असेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नका. दोन्ही गोळ्या एकत्र घेण्यात फायदा नाही. स्टॅम्पीडमध्ये तेही पाहून झाले आहे. डॉक्टर डोसिटॅक्सेलची केमोही सोबत सुचवत असतील तर हिशोब वेगळा होतो आणि ही तुलना तिथे पुरणार नाही.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा मुंबईला दाखवायला जाताना चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे पाकीट पिशवीत न्या, नुसती नावे सांगू नका. दुकानात छापील किंमत देण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा. दोन्ही औषधे देशी कंपन्या बनवतात आणि छापील व प्रत्यक्ष किमतीत बराच फरक असतो. पाकिटात बारा-पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढचे आणा, म्हणजे चवथीच्या, गणपतीच्या सुट्ट्यांत खंड पडणार नाही. आणि घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल तर या गोळ्यांना तिने हात लावू नये. गोळ्या काढून देण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी घ्यावे.