ख्रिस्ती होमस्कूलिंगचे सोळा महिने आणि एक चुकीची अन्सर की

मुलाला घरी शिकवायला घेतलेल्या पुस्तिकांच्या सेटबद्दल हे लिहितेय. जूनमध्ये लिहायला बसले असते तर एकच स्टार दिला असता. आता पाचपैकी साडेतीन देतेय, आणि उरलेला दीड का कापला ते सविस्तर सांगते कारण घेण्याआधी मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही नगरचे. मोठ्याला आठवी झाल्यावर शाळेतून काढलं. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री क्लासचा होमवर्क आणि रविवारी नेमकी उपासनेच्या वेळेला क्लासची टेस्ट, असं दोन वर्षं चाललं आणि पोरगं घरात बोलेनासं झालं. मग हा अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रम मागवला, नाव लिहीत नाही. पद्धत पुस्तिकांची, एका विषयाच्या वर्षाला 12, मुलाने स्वतः वाचायचं, स्वतः सोडवायचं, अन्सर की, म्हणजे छापील उत्तरांची पुस्तिका, उघडून स्वतःच तपासायचं, आणि टेस्टला 80 टक्के पडले तरच पुढची पुस्तिका हातात. म्हणजे सगळा डोलारा त्या अन्सर कीवर उभा. आणि आमची अन्सर कीच चुकीची निघाली.

झालं असं की एका दुपारी मी त्याची गणिताची पुस्तिका सहज उघडली. घनाची बाजू 8 इंच, घनफळ काढा. उत्तर लिहिलेलं 729. कागद तिथे खोडून खोडून पातळ झालेला, उजेडात धरला तर खालचे आकडे दिसत होते, 512. आठ गुणिले आठ चौसष्ट, गुणिले आठ पाचशे बारा. पोराने बरोबर उत्तर काढलं होतं आणि खोडून चुकीचं लिहिलं होतं. मी विचारलं 729 कुठून आणलंस रे, तर म्हणाला, "आई, की मध्ये तेच आहे. माझं चुकलं असणार."

माझ्या पोटात गोळा आला. त्या पुस्तिकेत अशी अकरा उत्तरं निघाली. पुस्तिका नवीन एडिशनची आणि अन्सर की जुन्या एडिशनची, प्रश्नांमधले आकडे बदललेले. एडिशन कुठे छापलीय तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात.

ज्यांच्याकडून सेट घेतला त्यांना फोन केला तर म्हणे ऑर्डर देताना एडिशन बघायला हवी होती मॅडम. अहो सेट तुम्ही बांधून पाठवला, मी कुठून बघणार? नवीन की हवी तर वेगळे पैसे, कुरिअर वेगळं. मी नाही दिले. चूक त्यांची आणि भुर्दंड आम्ही का भरायचा? सहा ईमेल, चार फोन, दीड महिना गेला, तेव्हा कुठे 12 पैकी 7 पुस्तिकांच्या उत्तरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले, त्यातले दोन वाचता येत नाहीत. राहिलेल्या पाचांची उत्तरं ह्यांनी आणि मी रात्री जेवणं झाल्यावर बसून काढली.

एक गोष्ट मात्र माझीही चुकली. धाकटीला वापरता याव्यात म्हणून मीच त्याला सांगितलं होतं की सगळं पेन्सिलने लिही, वर्ष संपलं की खोडून टाकू. पैसे वाचवायला गेले आणि खोडण्याची सवय मीच लावली. पेनने लिहिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात खाडाखोड दिसली असती.

इथपर्यंत जून. त्यानंतर जे झालं त्यामुळे स्टार वाढले.

मी त्याला एक वही दिली आणि सांगितलं, अन्सर की आणि तुझं उत्तर जुळलं नाही तर लगेच खोडायचं नाही, गणित दुसऱ्या कागदावर परत करायचं, तरीही तेच आलं तर वहीत लिहायचं. ऑगस्टपर्यंत वहीत 43 नोंदी झाल्या. त्यातल्या 31 मध्ये की चुकलेली आणि 12 मध्ये हा, आणि ते 12 त्याने स्वतःच शोधून लाल पेनने गोल केले. जो मुलगा वर्गात हात वर करायला घाबरायचा तो आता संध्याकाळी बाबांना गेटवरच गाठतो, "बाबा, आज की परत चुकली." शाळेत आणि क्लासमध्ये एवढे पैसे ओतून जे झालं नाही ते इथे झालं.

बाकी विषयांचं थोडक्यात सांगते. इंग्रजी उत्तम, व्याकरण इतकं पक्कं करून घेतात की मीच शिकले. रोज किती पानं करायची हे तो सकाळी स्वतः कार्डावर लिहितो आणि एक वाजता मोकळा होतो. बायबलची वचनं मात्र किंग जेम्स भाषांतराच्या जुन्या इंग्रजीत पाठ करायची, तर आम्ही तेच वचन मराठी पवित्र शास्त्रातून आधी वाचतो. मापं सगळी इंच, फूट, पौंड, फॅरनहाइट, ती मी बाजूला सेंटिमीटर आणि किलोत लिहून दिली. विज्ञानात पृथ्वीचं वय काही हजार वर्षं म्हणून सांगतात. आमचा उत्पत्तीच्या पुस्तकावर विश्वास आहे, पण दख्खनचा काळा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हेही त्याला माहीत असायला हवं, म्हणून विज्ञानाला स्टेट बोर्डाचं पुस्तक जोडीला ठेवलंय.

सामाजिक शास्त्र मला सगळ्यात जास्त खटकलं. 1620 ला मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत गेलेले भक्त पानंच्या पानं, आणि त्याच्या चार वर्षं आधी, 1616 ला, गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं त्याचा शब्द नाही. अमेरिकन पुस्तकात नसणार हे कळतं, पण ख्रिस्ती इतिहास म्हणजे तिकडचाच असं पोराला वाटू नये. म्हणून मे महिन्यात त्याला केडगावला नेलं, आपलं नगरचं नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, 1922 ला गेल्या आणि ते 1924 ला छापून झालं, हे त्याने तिथे उभ्या उभ्या वहीत लिहून घेतलं. परतीच्या गाडीत मला म्हणाला, बाईंकडे अन्सर की नव्हती ना गं? मी खिडकीबाहेर बघत बसले, डोळे भरून आले होते.

दहावीसाठी एनआयओएसचा, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त शाळेचा, फॉर्म भरलाय. निदान 5 विषय लागतात, आम्ही गणित 211, विज्ञान 212, सामाजिक शास्त्र 213, इंग्रजी 202 आणि मराठी 204 घेतले (आकडे म्हणजे विषयांचे कोड). पासिंग 33 टक्के, सवलत भरपूर, पण अभ्यासक्रम वेगळा. नुसत्या या पुस्तिकांवर परीक्षेला बसवू नका, मराठीची तर एकही पुस्तिका नसते. आम्ही जानेवारीपासून दुपारचे दोन तास एनआयओएसच्या पुस्तकांना दिलेत.

घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी एका पुस्तिकेच्या आणि तिच्या अन्सर कीच्या आतल्या पानाचा फोटो मागा. एडिशन जुळली तरच पैसे द्या. धाकटीसाठी पुढच्या वर्षी मी नवीन सेट घेणार आहे, तसाच फोटो मागवून, आणि तिला पहिल्या दिवसापासून पेन देणार आहे.