गुडवुड रिव्हायव्हल: तिकीट शुक्रवारचं काढा

दक्षिण इंग्लंडात, वेस्ट ससेक्समधल्या चिचेस्टर गावाजवळ दर सप्टेंबरात शुक्रवार ते रविवार जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा हा मेळा भरतो. एकच दिवस जमणार असेल तर लोक हमखास रविवार धरतात, कारण मोठी शर्यत त्या दिवशी असते. आमचा सल्ला उलटा आहे. शुक्रवारी सराव आणि पात्रता फेऱ्या असतात, गर्दी त्यामानाने कमी असते आणि मेकॅनिक मंडळींचे हात इंजिनात असतात. इथे पैसे वसूल होतात ते पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी गाड्या तयार करतात त्या आवारात. शर्यत काय, पडद्यावरही दिसते. तिकिटं बरीच आधी संपतात, गेटवर मिळेल या भरवशावर निघू नका.

थोडं जागेबद्दल. दुसऱ्या महायुद्धात इथे वेस्टहॅम्प्नेट हा लढाऊ विमानांचा तळ होता. तळाच्या कडेने फिरणारा रस्ता हाच पुढे ट्रॅक झाला, लांबी सुमारे ३.८ किलोमीटर. पहिली शर्यत १८ सप्टेंबर १९४८ ला झाली आणि आदल्याच दिवशी १९ वर्षांचा झालेला स्टर्लिंग मॉस, पुढे गाजलेला ब्रिटिश चालक, त्या दिवशी ५०० सीसीची शर्यत जिंकून गेला. गाड्यांचा वेग ट्रॅकला झेपेना म्हणून १९६६ साली शर्यती थांबल्या. १९९८ मध्ये १८ सप्टेंबरलाच पुन्हा सुरू झाल्या, तेही १९६६ पर्यंतच्या जातकुळीच्याच गाड्या घेऊन. म्हणून इथे ना गाडीला हवेने खाली दाबणारे पंख, ना रुंद, बिननक्षीचे स्लिक टायर.

सकाळी गेट उघडताच पॅडॉक गाठा आणि एखादी मासेराती २५०एफ, म्हणजे पन्नासच्या दशकातली इटालियन फॉर्म्युला वन गाडी, शोधून तिच्यापाशी अर्धा तास ठाण मांडा. अडीच लिटरचं, ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन, तीन जोड-कार्ब्युरेटर, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे बारा प्लग. असलं इंजिन किल्ली फिरवली की चालू, असं नसतं. तेल आधी गरम करून घेतात किंवा इंजिन सावकाश तापवतात. थंड तेल काकवीसारखं घट्ट असतं. तशात रेस दिली तर तेलाचा दाब भलताच चढतो, ऑइल कूलर किंवा फिल्टरचं सील फाटतं, कधी पंपाचा ड्राइव्हच तुटतो. तापवताना प्लगही वेगळे, म्हणजे 'गरम' जातीचे, लावतात. शर्यतीचे 'थंड' प्लग मंद गतीवर काजळी धरतात आणि गाडी मिसिंग करायला लागते. इंजिन तापलं की बंद करायचं, बाराच्या बारा प्लग काढायचे आणि दुसरा संच बसवायचा. निघालेले प्लग मेकॅनिक क्रमाने लाकडी फळीच्या भोकांत लावून ठेवतो, तिथे जरूर डोकावा. फिकट तपकिरी रंग म्हणजे मिश्रण बरोबर. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढुरका आणि टोकाला फोड आलेला असेल तर मिश्रण पातळ आहे, पिस्टनला भोक पडायची वेळ आली म्हणून समजा.

इंजिन मंद न ठेवता मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांवर का धरून ठेवतात, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. कॅमशाफ्टला वंगण मिळावं म्हणून. मंद गतीवर पंपाचा प्रवाह तुटपुंजा असतो आणि जोरकस व्हॉल्व्ह स्प्रिंगांखाली कॅमची धार घासते.

कानात घालायचे फोमचे बोळे खिशात हवेतच. बीआरएम या ब्रिटिश संघाची दीड लिटरची सोळा सिलिंडरची गाडी चालू झाली तर शेजाऱ्याशी बोलणं सोडाच. तिच्यातला सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, समजून घेतला की तो आवाज आणखी रंगतो. अशा सुपरचार्जरचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेऱ्या दुप्पट तर दाब चौपट. खाली दम नाही आणि वर गेल्यावर एकदम स्फोट, मग वळणातून निघताना मागची चाकं नुसती फिरत राहतात. हवेतला तो गोडसर, जरा उग्र वास एरंडेलाचा. लहानपणी चमच्याने पाजलेलं तेच. तापलेल्या बेअरिंगला ते चिवटपणे धरून राहतं आणि मिथेनॉल या अल्कोहोल इंधनात मिसळतं, म्हणून वापरात आलं. मात्र साठून राहिलं की राळेसारखं चिकटतं, त्यामुळे पुन्हापुन्हा बदलावं लागतं. मिथेनॉलवरच्या गाडीजवळ एक सावधगिरी: त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. धूर नाही, जाळ नाही, तरी मेकॅनिक अंग झटकत पळाला तर तुम्हीही मागे सरा.

आता ट्रॅकवर उभं कुठे राहायचं. ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आहे. सुरुवातीच्या रेषेनंतरचं पहिलं वळण मॅजविक, लांबलचक उजवं. ओव्हरटेक इथे होतात, म्हणून गर्दीही इथेच. आम्ही पुढचं लॅव्हंट हे उजवं वळण निवडू. त्या काळचे अरुंद क्रॉस-प्लाय टायर आजच्या रेडियलपेक्षा मोठ्या घसरकोनावर (चाकाचं तोंड आणि चाक खरं जातं ती दिशा यांतला कोन) पूर्ण पकड देतात आणि ती सोडतातही हळूहळू. त्यामुळे चालक गाडी चारही चाकांवर तिरकी धरून, स्टिअरिंग उलटं ठेवून, ॲक्सिलरेटरने वळवतो. वळण उजवं आणि पुढची चाकं डावीकडे, हे दृश्य लॅव्हंटला मनसोक्त दिसतं. फोटो काढणाऱ्यांनी शटर १/१२५ वर ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवावा. १/१००० वर काढलं तर चाकं गोठतात आणि शर्यतीची गाडी पार्किंगमधली वाटते. सेंट मेरीजचा उतरता डावा वळसाही बघण्यासारखा. २३ एप्रिल १९६२ ला मॉसचा अपघात इथेच झाला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली.

सेंट मेरीज ट्रॉफी या शर्यतीत ज्या वर्षी साठच्या दशकातल्या सलून गाड्या असतात, ते वर्ष चुकवू नये. सात लिटरची फोर्ड गॅलक्सी आणि पाठोपाठ मिनी. सरळ रस्त्यावर गॅलक्सी निघून जाते, वळणात मिनी पुन्हा येऊन चिकटते. लोटस कॉर्टिना आतलं पुढचं चाक उचलते, मिनी आतलं मागचं. दुर्बीण असेल तर वुडकोट वळणाच्या आधी गॅलक्सीवर नजर ठेवा: पहिल्या फेऱ्यांत चालक जिथे ब्रेक लावतो, शेवटच्या फेऱ्यांत त्याच्या बराच आधी लावतो. एवढं वजन थांबवता थांबवता ब्रेक तापून बोथट होतात.

रविवारची एक तासाची, चालक बदलण्याची आरएसी टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) सेलिब्रेशन हे मुख्य आकर्षण: फेरारी, कोब्रा, जॅग्वार ई-टाइप, ॲस्टन मार्टिन. मूळ टीटी इथे १९५८ ते १९६४ होत असे. १९५९ साली ॲस्टन मार्टिनचा पिट (शर्यत चालू असताना गाडी थांबवून पेट्रोल-टायर घेण्याची जागा) पेटला, मॉसला दुसऱ्या गाडीत बसवलं आणि तरीही ॲस्टनने शर्यत आणि जागतिक अजिंक्यपद दोन्ही मारलं. आजची शर्यत चुरशीची असते, वाद नाही. पण एक गोष्ट खटकते. यातल्या कित्येक गाड्या आज त्यांच्या काळातल्यापेक्षा जोरात पळतात, कारण इंजिनं आणि सस्पेन्शन आजच्या ज्ञानाने बांधलेली असतात. मूळ गाडी कोणती, नव्याने घडवलेली कोणती, हे प्रेक्षकाला कळायला मार्ग नसतो. लाइटवेट ई-टाइपचंच बघा. क्रमांक ठरले होते अठरा, त्या काळी बनल्या बारा, आणि उरलेल्या सहा जॅग्वारने २०१४ पासून बांधल्या. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गाडीपुढे तिचा इतिहास दोन ओळींत छापला तर हा घोळ मिटेल.

मुलं बरोबर असतील तर सेटरिंग्टन कपची वेळ बघून ठेवा. ऑस्टिन जे४० या पॅडलच्या छोट्या गाड्यांची ही मुलांची शर्यत. मुलं धावत येऊन गाडीत बसतात आणि निघतात. १९४९ पासून या गाड्या साउथ वेल्समधल्या बार्गोडला बनत. बनवणारे कामगार होते धुळीने फुप्फुसं निकामी झालेले कोळसा खाणीतले लोक, त्यांच्यासाठीच तो कारखाना काढला होता.

कपडे १९६६ च्या आधीच्या धाटणीचे घातलेत तर मजा येते, आणि इथे बहुतेक सगळेच घालतात. फक्त चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. सप्टेंबरात इथलं गवत ओलं असतं, मॅजविकच्या उतारावरून थेट बसकण माराल. रबरी तळव्याचे घ्या, वरून लोकरीचा कोट.

१९६६ पूर्वीची स्वतःची गाडी घेऊन गेलात तर पार्किंग हेच एक प्रदर्शन असतं. खरी परीक्षा असते गेटबाहेरच्या रांगेत. गाडी रेंगाळते, इंजिनवर फिरणारा पंखा हवा खेचत नाही, डायनॅमो मंद गतीवर चार्ज करत नाही आणि कार्ब्युरेटरपाशी पेट्रोल उकळून व्हेपर लॉक होतो, म्हणजे वाफेने पेट्रोल अडतं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब बांधा, मधे पत्र्याची आड लावा, दिवे गरजेपुरतेच ठेवा, आणि फार थांबायचं असेल तर इंजिन बंद करून बॉनेट उघडा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. ते जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगवतं, वर लवकर उकळतं. म्हणून सुपर ग्रेडचं ई५ भरा आणि निघण्याआधी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या लावून घ्या.

संध्याकाळी शर्यती संपल्या की सगळे एकदम बाहेर पडतात. तुम्ही तासभर पॅडॉकमध्येच थांबा. मिथेनॉलवर धावलेल्या गाड्यांची टाकी तेव्हा रिकामी करतात, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि रात्रभर राहिलं तर कार्ब्युरेटरच्या आत पांढरी भुकटी धरते. मग थोडं पेट्रोल ओतून इंजिन पुन्हा चालू करतात आणि शेवटचा थेंब जळेपर्यंत चालू देतात. वास बदलला की मेकॅनिक स्विच बंद करतो आणि कार्ब्युरेटरच्या तोंडांवर फडकी कोंबतो.