वीस सिगार आणि एक खोटारडा काटा

पहिले सहा सिगार ओढून झाले तेव्हा या खोक्याला एकच स्टार द्यायचा, हे मी पक्कं ठरवलं होतं. आता सात महिन्यांनी तीनच उरलेत आणि मत बदललंय, पण पुरतं नाही.

माल तुम्हाला ठाऊक असेलच: निकाराग्वाची पानं, मदुरो रॅपर म्हणजे बाहेरून गुंडाळलेलं गडद पान, पाच इंची रोबुस्तो हा आखूड, जाड आकार, पोटात भरपूर लिगेरो ही कडक पानं. माझं भांडण होतं ते ड्रॉशी, म्हणजे झुरक्याला धूर किती सहज येतो त्याच्याशी. झुरका घेता घेता गाल दुखायचे आणि धूर नावाला यायचा. चिडून जोरात ओढावं, तर टोक तापून तोंड कडू. त्यात एक बाजू भराभर जळायची, दुसरी ढिम्म. तंबाखूपेक्षा लायटरचा गॅसच जास्त संपला. विक्रेत्याला फोटोंसकट चार निरोप पाठवले. दर वेळी उत्तर एकच, आर्द्रता तपासा. अहो, माझ्या ह्युमिडॉरचा, म्हणजे सिगार ठेवायच्या पेटीचा, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा काटा) 69 टक्के दाखवतोय!

शेवटी विक्रेत्याला खोटं पाडायला म्हणून मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्याचा ओला लगदा होईल इतकंच पाणी, शेजारी हायग्रोमीटर आणि सगळं दिवसभर हवाबंद पिशवीत. काटा 75 वर यायला हवा. तो 68 वर थांबला. म्हणजे माझे 69 खरे तर 76 होते! पानं ओल धरून फुगलेली, धुराला वाट मिळणार कुठून? हायग्रोमीटर ह्युमिडॉरबरोबर फुकट आला होता, आणि मी त्याच्या भरवशावर भांडत होतो.

पेटीत आर्द्रता 65 टक्क्यांवर धरून ठेवणारी पाकिटं घातली आणि दीड महिना हात लावला नाही. नंतरचा पहिला सिगार त्याच खोक्यातला आहे यावर विश्वास बसेना. सुरुवातीलाच काळी मिरी, धूर नाकावाटे सोडला तर डोळ्यांत पाणी. अर्ध्यावर कडू चॉकलेट, ओली माती, कॉफी. लिगेरो म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची, सर्वांत जास्त ऊन खाल्लेली जाड, तेलकट पानं. ती सावकाश जळतात म्हणून मधोमध भरतात. राख झटकल्यावर निखारा शंकूसारखा टोकदार दिसला, म्हणजे वळणाऱ्यानं ती नेमकी मधे बसवली होती.

फुल-बॉडी म्हणजे धुराचा भरीवपणा, निकोटिनचा तडाखा वेगळा. यात दोन्ही आहेत. एकदा रिकाम्या पोटी ओढला आणि घामाघूम होऊन बसलो. पुन्हा नाही.

पण चाचणीनंतरच्या अकरांपैकी दोन तरीही तुंबलेलेच निघाले. एक उभा चिरून पाहिला, तर मधे पानाची पिळलेली गाठ. दुसऱ्यात स्वेटर विणायची सुई घालून वाट केली (त्यासाठी वेगळं अवजार मिळतं, पण घरात सुई असताना कशाला?) आणि बोटं भाजेपर्यंत ओढला.

साडेतीन स्टार. विक्रेत्याला माफीचा निरोप लिहून ठेवलाय. त्या दोन गाठींचे पैसे परत आले की पाठवतो.